तलावातलं शेवाळ: मासे सोडायचे की काढायचे?

तळेराखी:
मंडळी, एक अडचण घेऊन आलोय. आमच्या वसाहतीचा एक साठवण तलाव आहे. फार मोठा नाही, दोनेक हेक्टर, भरलेला असला की खोलगट भागात चार-साडेचार मीटर पाणी. प्यायला तेच, गाळून आणि क्लोरीन घालून. गेली तीन वर्षं उन्हं तापली की पाणी हिरवं पडायला लागतं. आधी नुसती झाक, मग वारा ज्या बाजूला लोटतो त्या काठाशी ऑइलपेंटचा डबा सांडल्यासारखी साय. हात बुडवून काढला की बोटांना हिरवं लागतं. वास ओल्या मातीचा, कुबट. फिल्टर दर दोन दिवसांनी चोंदतात.

समितीत दोन तट पडलेत. एक गट म्हणतो मोरचूद टाका आणि विषय संपवा. दुसरा गट (त्यात मी) म्हणतो रसायन नको, शेवाळ खाणारे मासे सोडू. त्यात परत कुणी सिल्व्हर कार्प म्हणतं, कुणी ग्रास कार्प, कुणी तिलापिया. पुढच्या महिन्यात बैठक आहे आणि "कोणता मासा आणि किती" हे शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कुणी केलंय का असं काही?

उंटावरचा_शहाणा:
तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. तुम्ही तूर्तास नुसतं राखा. हलके घ्या.

गळेकर:
ग्रास कार्प अजिबात नको. मी गळ टाकायला जायचो त्या एका तळ्यात पाणवनस्पती फार माजल्या म्हणून ग्रास कार्प सोडले होते. दीड वर्षात वनस्पती साफ. सगळे खूश. पुढच्या उन्हाळ्यात पाणी असं हिरवंगार की गळाला लावलेला फ्लोट वीतभर खाली गेला की दिसायचा बंद. आधी त्याच तळ्यात मला तळाचे शिंपले दिसायचे. नाव गवत्या आहे त्याचं, तो गवतच खाणार, शेवाळाशी त्याला काय देणंघेणं.

निवळशंख:
जलशुद्धीकरणात आयुष्य गेलं म्हणून मोरचुदाबद्दल आधी बोलतो. मोरचूद काम करतं यात शंका नाही, पण तुमच्या वर्णनावरून (साय, पेंट, काठाशी जमणं) हे साधं हिरवं शेवाळ वाटत नाही, नीलहरित वाटतंय. म्हणजे सायनोबॅक्टेरिया. त्यातल्या बऱ्याच जाती विष तयार करतात आणि जिवंत असेपर्यंत ते बहुतेक पेशीच्या आतच ठेवतात. दाट साय आलेली असताना मोरचूद मारलं की सगळ्या पेशी एकदम फुटतात आणि आतलं सगळं पाण्यात. मग तुमचा वाळूचा फिल्टर काय करणार, तो पेशी अडवतो, विरघळलेलं विष नाही.

ऑस्ट्रेलियात पाम आयलंडवर १९७९ मध्ये हेच झालं. धरणाच्या पाण्याला वास येतो अशा तक्रारी आल्या म्हणून मोरचूद टाकलं, आणि काही दिवसांत १४८ जण आजारी, बहुतेक लहान मुलं. यकृत, मूत्रपिंड सगळ्यावर परिणाम. सुरुवातीला कारणही कळेना.

आणि उकळून पिऊ असं कुणी म्हणत असेल तर तेही नाही. मायक्रोसिस्टिन (नीलहरित शेवाळाचं एक विष) उकळून जात नाही, पाणी आटलं तर उलट दाट होतं. जागतिक आरोग्य संघटनेने मायक्रोसिस्टिन-एलआर साठी कायम प्यायच्या पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. मायक्रो. ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तेव्हा आधी पाणी तपासून घ्या, आणि तोंड वर असलेल्या पाइपने पृष्ठभागाचं पाणी उचलत असाल तर तो आजच्या आज खाली न्या. साय वर तरंगते.

पाणकोंबडी:
वाचतेय. मातीच्या वासाचं काय? तो पण विषाचा का?

निवळशंख:
नाही, तो जिओस्मिनचा. काही नीलहरित जाती तो बनवतात. त्याने काही होत नाही, पण नाकाला इतक्या कमी प्रमाणात कळतो की लोक ओरडतात. उलटही खरं आहे, वास नाही म्हणजे विष नाही असं समजू नका.

सूक्ष्मदर्शी:
तळेराखी, तुमचा प्रश्नच उलटा धरलाय असं मला वाटतं. तुम्ही विचारताय शेवाळ कोणता मासा खातो. विचारायला हवं की शेवाळ खाणाऱ्यांना कोण खातंय.

तलाव चार मजली घर समजा. तळमजल्यावर शेवाळ. पहिल्या मजल्यावर ते चरणारे बारीक प्राणी, त्यातली मुख्य डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू. दुसऱ्या मजल्यावर पाणपिसू खाणारे छोटे मासे. तिसऱ्यावर छोट्या माशांना खाणारे मोठे शिकारी मासे. आता वरून ढकलत या. शिकारी वाढले की छोटे मासे कमी, छोटे कमी की पाणपिसू जास्त, पाणपिसू जास्त की शेवाळ कमी. म्हणजे एक मजला सोडून एक. ज्याला आपण "शेवाळ खाणारा मासा" म्हणून सोडतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या मजल्याचा भाडेकरू निघतो आणि पहिल्या मजल्यावरचे सगळे खाऊन बसतो.

हे काही आजचं नाही. चेकोस्लोव्हाकियात हर्बाचेक आणि मंडळींनी १९६१ मध्ये नदीच्या सुटलेल्या पात्रातल्या डबक्यांवर काम करून दाखवलं की मासे किती आहेत यावर पाण्यातलं सूक्ष्म जग कसं असेल ते ठरतं. मग १९६५ मध्ये ब्रूक्स आणि डॉडसन यांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या एका तळ्याचे जुने नमुने आणि नवे नमुने शेजारी ठेवले. मधल्या काळात तिथे हेरिंगसारखा एक छोटा मासा आला होता. आधी होते ते मोठे चरणारे प्राणी गायब, राहिले ते बारीक. मासा डोळ्याने बघून खातो, मोठा दिसतो तो आधी जातो. आणि मोठी पाणपिसूच तर सगळ्यात जास्त पाणी गाळते. बारक्यांनी ती जागा भरून निघत नाही. १९७५ मध्ये शपिरोने या सगळ्याला बायोमॅनिप्युलेशन असं नाव दिलं, म्हणजे औषध न टाकता अन्नजाळ्यालाच हात घालून पाणी निवळवायचं.

उंटावरचा_शहाणा:
चार मजली घर आणि दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू त्रास देतोय. आमच्याच बिल्डिंगची गोष्ट आहे ही.

बेडकीण:
सूक्ष्मदर्शी +१. मी माशांच्या पिल्लांना खायला घालायला टबात पाणपिसू वाढवते म्हणून हे डोळ्यांनी बघितलंय. पाणी मुद्दाम उन्हात ठेवून हिरवं करते, पालकाच्या सूपासारखं. त्यात वाटीभर पाणपिसू सोडायच्या. पहिले दोन दिवस काही कळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी टबाच्या तळाला पडलेलं पान दिसायला लागतं. पाचव्या दिवशी पाणी इतकं स्वच्छ की टबात पाणी आहे का बघायला बोट बुडवावं लागतं. भिंगातून बघितलं तर पारदर्शक अंग, आत हिरवी आतड्याची रेघ, पाठीवरच्या पिशवीत अंडी, आणि हृदय टकटक टकटक. पाणपिसवा अशा झटके देत वर येतात, जरा खाली येतात, परत झटका.

एकदा गडबडीत त्याच टबात सहा गप्पी टाकले, म्हटलं संध्याकाळी काढते. संध्याकाळी एक पाणपिसू शिल्लक नव्हती. आठवड्याने टब परत हिरवा.

गळेकर:
पाणपिसूचं अनेकवचन पाणपिसवा का? मी आपलं पाणपिसू, पाणपिस्वे असं काहीतरी मनात वाचत होतो.

बेडकीण:
पिसू-पिसवा, तसं. सासू-सासवा. :)

उंटावरचा_शहाणा:
त्याही झटके देत वर येतात.

खेकडा७:
धागा मजेशीर चाललाय पण जरा पाणी ओततो. तुम्ही सगळे वरच्या मजल्यांवर अडकलात, कोठारात काय साठवलंय ते कुणी बघत नाहीये. शेवाळाला लागतं फॉस्फरस. ते येत राहिलं तर मासे सोडा, काढा, त्यांची लग्नं लावा, शेवाळ येणारच. कॅनडात १९७३ मध्ये एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले, तळं क्रमांक २२६. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार, दुसरी स्वच्छ. विमानातून काढलेला फोटो बघा, त्याच्यापुढे वाद घालायला जागाच राहत नाही. मासे दोन्हीकडे होतेच की.

ही अन्नजाळ्याची कल्पना ऐकायला सुंदर आहे म्हणून लोकांना आवडते. गटार बंद करायला कुणाला आवडत नाही.

सूक्ष्मदर्शी:
खेकडा७, शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत. पण "एक तर हे नाहीतर ते" असं नाहीये. फॉस्फरस ठरवतं की जास्तीत जास्त किती शेवाळ होऊ शकतं. अन्नजाळं ठरवतं की त्यातलं प्रत्यक्षात किती दिसेल. तेवढंच फॉस्फरस असलेली दोन तळी एक हिरवं आणि एक स्वच्छ असू शकतात.

सिअ‍ॅटलचा लेक वॉशिंग्टन बघा. त्यात सांडपाणी सोडत होते, १९६३ ते १९६८ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बाहेर वळवलं. फॉस्फरस उतरलं, पाणी सुधारलं. तुमचा मुद्दा. पण १९७६ मध्ये पाणी एकदम अजून स्वच्छ झालं आणि त्यावेळी फॉस्फरसमध्ये काही नवीन घडलं नव्हतं. झालं असं की डॅफ्निया परतली. तिला खाणारी एक कोळंबीसारखी जात होती, निओमायसिस, ती कमी झाली होती कारण तिला खाणारा एक मासा वाढला होता. शिवाय पूर्वी दोऱ्यासारखं एक नीलहरित शेवाळ होतं जे डॅफ्नियाच्या गाळणीत अडकायचं, सांडपाणी थांबल्यावर तेही ओसरलं होतं. म्हणजे तुमच्या कामाशिवाय माझं काम झालं नसतं.

उलट उदाहरण पण देते, प्रामाणिकपणे. जर्मनीतला बाउत्सेन जलाशय. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे झँडर नावाचा शिकारी मासा जोपासला, पाणपिसवा वाढल्याही. पण वरून फॉस्फरसचा लोंढा चालूच, त्यामुळे उन्हाळ्यातली मायक्रोसिस्टिस ही नीलहरित जात काही हटली नाही. तिची मोठी बुळबुळीत पुंजकी होतात, पाणपिसूच्या तोंडात मावत नाहीत. पाणपिसूने बाकीचं खाल्लं की त्या पुंजक्यांना उलट मोकळं रान.

खेकडा७:
हे मान्य करता म्हणजे भांडायला काही राहिलंच नाही. निराशा झाली.

मळेवाला:
सिल्व्हर कार्पला सगळे का हाणताय? तो तर खरोखरच पाण्यातलं शेवाळ गाळून खातो, मोठी पुंजकी पण खातो. चीनमध्ये वूहानच्या ईस्ट लेकमध्ये दरवर्षी उन्हाळ्यात नीलहरित साय यायची, ती १९८५ पासून थांबली, आणि त्याचं श्रेय तिथल्या संशोधकांनी सिल्व्हर कार्प आणि त्याच्याच जातकुळीतल्या बिगहेड कार्पला दिलंय. तलावात जाळीचे कप्पे करून, मासे घालून आणि न घालता, बघितलंय त्यांनी.

सूक्ष्मदर्शी:
बरोबर आहे, ते उदाहरण खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. सिल्व्हर कार्पच्या कल्ल्यांतली गाळणी साधारण दहा मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठं ते धरते. मायक्रोसिस्टिसची पुंजकी धरली जातात. पण त्याच गाळणीत पाणपिसूही जाते, आणि दहा मायक्रॉनखालचं बारीक शेवाळ निसटतं. आता ते खायला पाणपिसू उरली नाही. मग होतं काय, वरची साय जाते पण पाणी एकंदरीत गढूळ-हिरवंच राहतं, कधी कधी जास्त. म्हणून ढोबळ हिशेब असा: पाणी उष्ण, पाणपिसवा मुळातच नगण्य, आणि त्रास फक्त मोठ्या पुंजक्यांच्या सायीचा, तर सिल्व्हर कार्पचा विचार करता येतो. पाणपिसवा असतील किंवा येऊ शकत असतील तर तो त्यांच्या मुळावर येतो.

आणि एकदा सोडला की परत बोलावता येत नाही. हिमाचलमधल्या गोविंदसागर जलाशयात १९७१ मध्ये तो चुकून शिरला, तिथे त्याने बस्तान बसवलं, आणि पुढे मासेमारीत त्याचाच भरणा झाला, कटला मागे पडला.

गळेकर:
सिल्व्हर कार्पच्या घोळक्यातून मोटरबोट गेली की ते उड्या मारतात. एकाचा मित्राच्या कानशिलात बसला होता. तीन किलोचा. तो अजूनही सांगतो की समोरून दुसरी बोट आली.

पाणकोंबडी:
मला एक बाळबोध शंका. ही सगळी उदाहरणं थंड प्रदेशातली. तळेराखी म्हणतायत उन्हं तापतात. उष्ण पाण्यातही हे चालतं का?

सूक्ष्मदर्शी:
बाळबोध नाही, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. उत्तर आहे: कमी चालतं. थंड भागात हिवाळ्यात मासे मंदावतात, पिल्लं वर्षातून एकदाच, आणि वसंतात पाणपिसवांना काही आठवडे मोकळे मिळतात, त्या काळात तळी चक्क काचेसारखी होतात. उष्ण पाण्यात छोटे मासे वर्षभर वीत राहतात, बरेचसे मिळेल ते खाणारे, म्हणजे पाणपिसू संपली तरी उपाशी मरत नाहीत, तळाचा चिखल खातात आणि तिथलं फॉस्फरस विष्ठेतून वर आणतात (तिलापिया याच वर्गातला, तेव्हा तोही कटाप). पाणपिसवांच्या जाती पण लहान असतात. म्हणून तिकडचे आकडे उचलून इकडे लावू नयेत. तत्त्व मात्र तेच राहतं. बेडकीणचा टब काही थंड प्रदेशात नाहीये.

खेकडा७:
मग सगळे मासेच काढून टाका ना, तलाव रिकामा करून. नेदरलँड्समध्ये केलंय, झ्वेमलुस्ट नावाच्या पोहण्याच्या तळ्यात, १९८७. पाणी उपसलं, मासे काढले, परत भरलं, तळ दिसायला लागला.

सूक्ष्मदर्शी:
आणि काही वर्षांत तिथे वनस्पती आल्या, त्या खायला पक्षी आले, मग परत हिरवं. :) शून्य मासे हाही उपाय नाही. मासे गेले की एका डासासारख्या माशीची अळी माजते, काओबोरस, काचेसारखी आरपार दिसते, दिवसा तळाच्या चिखलात आणि रात्री वर येऊन पाणपिसवा मारते. म्हणजे चोर गेला आणि त्याचा भाऊ आला. थोडे मासे हवेत, आणि त्यांच्यावर शिकारी हवा. छोटे मासे कमी करायचे तर निदान तीन-चतुर्थांश, आणि तेही वर्षा-दोन वर्षांच्या आत. दरवर्षी थोडे थोडे काढले तर उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, ते जोमाने वितात, आपण नुसती पीक कापणी करत बसतो. फिनलंडमध्ये वेसियार्वी नावाच्या तळ्यातून १९८९ ते १९९३ मध्ये हजार टनांच्या वर मासे ओढून काढले तेव्हा कुठे साय थांबली, आणि त्याआधी गावाचं सांडपाणी वळवलेलं होतं.

मळेवाला:
हजार टन!! आणि मी इथे दोनशे बोटुकली सोडू का विचारणार होतो.

निवळशंख:
जाता जाता, सगळं नीट जमवून आणलं तरी भरवसा नाही. अमेरिकेतल्या मेंडोटा तळ्यात १९८७ पासून शिकारी मासे सोडले, मासेमारीवर बंधनं आणली, मोठी डॅफ्निया टिकली, पाणी बरीच वर्षं चांगलं राहिलं. २००९ मध्ये तिथे बाहेरून आलेला काटेरी शेपटीचा एक पाणपिसूखाऊ किडा सापडला. तोही पाणपिसूच्याच खानदानातला. डॅफ्निया खल्लास, आणि पाण्याची पारदर्शकता साधारण मीटरभराने घटली. नंतर हिशेब मांडला तर ते नुकसान भरून काढायला तळ्यात येणारं फॉस्फरस ७१ टक्के कमी करावं लागेल असं निघालं. एका किड्यापायी.

खेकडा७:
बघा, शेवटी फिरून फॉस्फरसवरच.

उंटावरचा_शहाणा:
धागाकर्ते कुठे आहेत? तलावात पडले का?

सूक्ष्मदर्शी:
तळेराखी, आलात की एक काम करा. मासे-बिसे नंतर. एक पांढरी तबकडी, साधारण २० सेंटीमीटर व्यासाची, दोरीला बांधून पाण्यात सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली मोजा. इटलीच्या सेकी नावाच्या धर्मगुरूने १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून हे केलं, अजून त्याच्याहून सोपी युक्ती निघालेली नाही. आणि सूर्य मावळल्यावर काचेच्या बरणीत पाणी घेऊन मागून टॉर्च मारा. पाणपिसवा दिवसा माशांच्या भीतीने खाली अंधारात असतात, रात्री वर येतात. दिवसा बघून "नाहीत" म्हणू नका.

तळेराखी:
आलो आलो. तीन दिवस तलावावरच होतो.

डब्याचं स्टीलचं झाकण, पांढरा रंग, मध्ये भोक, नायलॉनची दोरी आणि खाली वजनाला एक नट. ४५ सेंटीमीटरला झाकण गायब. दुसऱ्या बाजूला ४०. रात्री आठला बरण्या भरल्या, पाच ठिकाणच्या, टॉर्च मारला. हिरवे कण तरंगताना दिसतात, रव्यासारखे. हलवून ठेवलं तर दहा मिनिटांत वर येऊन कडं धरतात. झटके देत उडणारं काही नाही. एकही नाही. पाचही बरण्यांत. एका बरणीत मात्र नखाएवढे तीन मासे आले.

ते मासे बघून ट्यूब पेटली आणि जरा लाजही वाटली. चार वर्षांपूर्वी डास फार झाले होते म्हणून समितीनेच डासअळी खाणारे मासे आणून सोडले होते तलावात. बादल्या भरून. ठराव मीच मांडला होता. काठाला चालत गेलो तर उथळ पाण्यात पायाखालून काळी लाटच सरकते, इतके झालेत.

बेडकीण:
अर्रर्र. गप्पी की गांबुशिया? मादीच्या पोटामागे काळा डाग असतो दोन्हींना, पण गप्पीचे नर रंगीत असतात, शेपटी मोठी.

तळेराखी:
रंगीत एकही नाही. सगळे राखाडी, तोंड वर वळलेलं.

सूक्ष्मदर्शी:
मग गांबुशिया. यावर तर प्रयोगच आहे, १९७२ चा, हर्लबर्ट आणि सहकाऱ्यांचा. कृत्रिम डबकी, काहींत गांबुशिया, काहींत नाही. गांबुशिया असलेल्या डबक्यांत चरणारे प्राणी फस्त आणि पाणी हिरवं, नसलेली स्वच्छ. तुम्ही नकळत तोच प्रयोग दोन हेक्टरवर केलात.

उंटावरचा_शहाणा:
आणि आता निष्कर्ष पिताय.

खेकडा७:
थांबा, टाळ्या वाजवण्याआधी. चार वर्षांपूर्वी अजून काय काय झालं? नुसता मासा सोडल्याने फॉस्फरस तयार होत नाही. ओढा कुठून येतो तलावात, वर काय आहे?

तळेराखी:
खेकडा७, तुमच्या नांगीत दम आहे. वरच्या अंगाला मैदान आहे, त्यावर लॉन केलंय. साधारण त्याच सुमारास. खत महिन्याला पडतं, आणि गवताला पाणी सोडलं की जास्तीचं पाणी चरातून थेट तलावात. माळ्याला विचारलं किती टाकतोस, तो म्हणाला "मोजून कशाला, हिरवं दिसेपर्यंत."

खेकडा७:
दिसलं ना हिरवं.

निवळशंख:
हे वाक्य बैठकीत जसंच्या तसं वाचून दाखवा.

गळेकर:
आता कामाचं बोलू. गांबुशिया जाळ्याने संपत नाही, चार राहिले तरी पुरे, त्या अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं टाकतात. पण उथळ काठ सोडून ते फार आत जात नाहीत, म्हणून पाणी उतरवून काठाचा पट्टा उघडा पाडला की एका खड्ड्यात गोळा होतात, तिथे बारीक मच्छरदाणीच्या जाळीने ओढा. उरलेल्यांवर मरळीसारखा शिकारी. मरळ काठालाच दबा धरून बसते. पण तुमच्या पाण्यात मूळची जी शिकारी जात असेल तीच सोडा, बाहेरची आणून पुढच्या चार वर्षांचा धागा तयार करू नका. आणि मत्स्य खात्याला विचारून.

पाणकोंबडी:
आणि डास?

सूक्ष्मदर्शी:
डास मोकळ्या, वाऱ्याने हलणाऱ्या तलावात फारसे होत नाहीतच, ते होतात टाक्या, तुंबलेली गटारं, टायर यांत. ते मासे तिथे ठेवा हवं तर, बंद हौदात. तलावात त्यांचं काम नव्हतं. आणि हो, काठाला पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती असतील तर उपटू नका, पाणपिसवा दिवसा त्यांच्यात लपतात, गाळही धरून राहतो. गळेकरांच्या तळ्यात गवत्याने नेमक्या त्याच खाल्ल्या.

मळेवाला:
पाणपिसवा एकही नाही म्हणताय तर मासे काढल्यावर त्या येणार कुठून? बेडकीणच्या टबातून आणायच्या का?

बेडकीण:
कुरियर करू का? :D त्यांची टिकाऊ अंडी तळाच्या गाळात पडलेली असतात, वर्षानुवर्षं टिकतात. संधी मिळाली की येतात आपणहून. माझा सुकलेला टब वर्षाने भरला तरी आल्या होत्या.

तळेराखी:
बैठक झाली. दोन्ही गट माझ्यावर नाराज, कारण मोरचूद नाही आणि मासेही नाहीत. त्यात डासांच्या माशांचा ठराव माझाच होता हे कुणीतरी इतिवृत्तातून वाचून दाखवलं. तरी चराचं तोंड वळवायला मान्यता मिळाली, लॉनचं खत बंद, आणि पाणी दीड मीटर उतरवून जाळं ओढायचं ठरलं. पाण्याचा नमुना तपासायला गेलाय, तोवर प्यायला टँकर. शिकारी मासा पुढच्या हंगामात, खात्याचा माणूस बघून गेल्यावर.

निवळशंख:
पाणी उतरवताना गाळ ढवळू देऊ नका, त्यात पण फॉस्फरस आहे. आणि यंदाचा उन्हाळा हिरवाच जाणार हे लोकांना आत्ताच सांगून ठेवा.

तळेराखी:
अपडेट, साताठ आठवड्यांनी. जाळं चार वेळा ओढलं. बारीक मासे दहा बादल्या, पाचव्यांदा ओढलं तेव्हा अर्धी बादली. झाकण काल ७० ला दिसेनासं झालं, पण परवा पाऊस झाला होता तेव्हा त्यावर मी फार विसंबत नाही. साय अजून आहे, कमी आहे. रात्री बरण्या भरल्या. खोलगट भागातल्या बरणीत पाच पाणपिसवा.

खेकडा७:
पाच म्हणजे अंदाजे?

तळेराखी:
मोजून पाच. सहावी असेल, पण ती एका जागी थांबत नव्हती.